जमीन मिळाली, गिऱ्हाईक कुठंय?

१४ सप्टेंबर २०२३ ला राज्य सरकारनं एक अधिसूचना काढली. येणाऱ्या गळीत हंगामात महाराष्ट्रातला ऊस परराज्यात न्यायचा नाही, ३० एप्रिल २०२४ पर्यंत बंदी. पावसानं दगा दिलाय, ऊस कमी आहे, आपले कारखाने आधी चालले पाहिजेत, हे कारण. मुंबईत बसून वाचलं तर यात वावगं काही दिसत नाही. गडहिंग्लज तालुक्यात बसून वाचलं की दिसतं. नेसरी परिसरातून वाहणारी घटप्रभा पुढं कर्नाटकातच जाते, पाव्हणेरावळे सीमेच्या दोन्ही बाजूंना, बाजारहाट संकेश्वर-बेळगावला. तालुक्याच्या पूर्वेकडच्या कित्येक गावांना तर संकेश्वरचा हिरण्यकेशी कारखाना हरळीच्या कारखान्याइतकाच हाताशी. नदीला परवानगी आणि उसाला मनाई, असा तो मामला होता. शेतकरी संघटनांनी आवाज उठवला, आठवड्याभरात अधिसूचना मागं घेतली गेली आणि प्रकरण विसरलंही गेलं.

मी ते विसरलो नाही, कारण त्या दिवसांत मी उझबेकिस्तानबद्दल वाचत होतो. तिथल्या कापूसवाल्यानं असले हुकूम सोव्हिएत काळात सोसलेच, पण सोव्हिएत संघ मोडल्यावरही जवळपास तीस वर्षं सोसले. किती हेक्टरवर कापूस लावायचा, किती टन घालायचा, कुठल्या जिनिंगला आणि काय भावानं, सगळं सरकार ठरवी. वेचणीला शाळेतली पोरं, शिक्षक, दवाखान्यातली माणसं जुंपली जात. मार्च २०२० मध्ये ही सरकारी उद्दिष्टाची पद्धत रद्द झाली. तिच्या जागी आले 'क्लस्टर': एकेका जिल्ह्यातला कापूस एकेका खासगी कंपनीच्या वाट्याला. जमीन सरकारीच, शेतकरी भाडेपट्ट्यावर. सरकारी दारातली रांग हलली ती कंपनीच्या दारात.

आपल्याकडं जुन्या लोकांना याला एक शब्द माहीत आहे: झोनबंदी.

केंद्रीय नियोजनाखालच्या देशांमधल्या शेतीचं पुढं काय झालं, यावर ढीगभर लिहिलं गेलंय आणि त्यातलं बहुतेक जमिनीपाशी सुरू होऊन जमिनीपाशीच संपतं: सरकारची, सामूहिक की खासगी? माझं मत असं झालंय की सातबारा कुणाच्या नावावर आहे यापेक्षा पिकलेला माल किती जणांना विकता येतो, कधी विकता येतो आणि पैसे कधी हातात पडतात, यावर त्या गावांचं बरंवाईट जास्त ठरलं. हे रशियाला लागू पडतं, चीनला पडतं, आणि ज्याला कुणी नियोजनबद्ध अर्थव्यवस्था म्हणणार नाही त्या आमच्या तालुक्यालाही पडतं.

रशियापासून सुरुवात करू. १९२९ नंतर स्टालिननं खेडूतांची जमीन, बैलं, घोडी एकत्र करून कोलखोज उभे केले. काही ठिकाणी थेट सरकारी मळे, म्हणजे सोव्हखोज. कोलखोज कागदावर सहकारी होता. सभासद, सर्वसाधारण सभा, निवडून आलेला अध्यक्ष, सगळं होतं. पण ट्रॅक्टर १९५८ पर्यंत सरकारी यंत्र-केंद्राच्या ताब्यात होते, धान्य सरकारच्या भावानं सरकारलाच घालावं लागे, आणि कोलखोजच्या माणसाला १९७४ पर्यंत शहरात राहायला लागणारा अंतर्गत पासपोर्टसुद्धा हक्कानं मिळत नव्हता. सक्तीच्या पहिल्या लाटेत, १९३२-३३ साली, युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाकाठी लाखो माणसं उपासमारीनं मेली. धान्य पिकत होतं त्याच गावांतून ते उचलून नेलं जात होतं.

हिशेब सरळ होता. शेतमाल स्वस्तात घ्यायचा, त्यावर कारखाने उभारायचे. १९२३ सालीच तिथं शेतमालाचे भाव खाली आणि कारखानी मालाचे वर अशी कात्री उघडली होती, आणि वरकड शेतीतूनच काढावी लागेल असा युक्तिवाद प्रिओब्राझेन्स्कीसारखे अर्थतज्ज्ञ उघडपणे करत होते. ज्यांनी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची भाषणं ऐकलीत त्यांना यात नवं काही वाटणार नाही. १९८० च्या नाशिकच्या कांदा-ऊस आंदोलनापासून जोशी हेच सांगत होते, की शेतीतला तोटा हा निसर्गाचा नाही, धोरणाचा आहे. भाव पाडण्यासाठी धोरण आखलं जातं. फरक एवढाच की मॉस्कोला बंदूक लागली, दिल्लीला निर्यातबंदी आणि लेव्ही पुरली.

पण त्याच सोव्हिएत देशात एक गंमत घडत होती. प्रत्येक कोलखोज कुटुंबाला घरामागं फार तर अर्धा हेक्टर परसू मिळायचं. बटाटे, भाजी, एखादी गाय, दोन डुकरं. देशाच्या लागवडीखालच्या जमिनीत या परसवांचा वाटा शंभरात तीनच्या आसपास. शेतीच्या एकूण उत्पादनातला वाटा मात्र सुमारे चौथा. हा आकडा दाखवून खासगी मालकीचा जयजयकार करणारे एक गोष्ट सोयीनं गाळतात. त्या गायीचा चारा, बियाणं, नांगरटीचं यंत्र बऱ्याचदा कोलखोजमधूनच यायचं, कधी रीतसर, कधी रात्री. हंगेरीनं हे लपवायचं सोडून दिलं. १९६८ च्या सुधारणांनंतर तिथल्या सहकारी शेतांनी सभासदांच्या परसवांना उघडपणे पिल्लं, खाद्य आणि विक्रीची सोय पुरवली. मोठी संस्था आणि छोटा खातेदार एकमेकांना धरून चालले. पूर्व युरोपात त्या काळात पोटभर मांस कुठं मिळत असेल तर तिथं.

आपण हा सगळा प्रयोग करायचा की नाही, हे ठरण्याची वेळ महाराष्ट्राच्या भूमीवरच आली होती. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनानं संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. नेहरूंना ती हवी होती. चरणसिंगांनी तिथंच विरोध केला, आणि त्याच वर्षी राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला त्यामागं या ठरावाचा मोठा हात होता. कोल्हापूर जिल्ह्यात तेव्हा शेतकरी कामगार पक्षाचा जोर. १९५० च्या दाभाडी प्रबंधानं त्या पक्षानं मार्क्सवाद-लेनिनवाद अंगीकारला होता. पण इथला शेकापचा कार्यकर्ता रस्त्यावर उतरला तो कुळांसाठी, धान्याच्या लेव्हीविरुद्ध, भावासाठी. गावात जाऊन 'बांध मोडा' म्हणण्याच्या फंदात कुणी पडलं नाही. १ एप्रिल १९५७ ला, कृषिदिनी, कुळाला जमिनीचा मालक मानलं गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी मालक झालेल्या माणसाला बांध मोडायला सांगणं म्हणजे शहाणपण नव्हे, हे त्यांना दिल्लीपेक्षा चांगलं कळत होतं.

तरीही सोव्हखोजचा एक मराठी अवतार झालाच. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानं खासगी साखर कारखान्यांच्या ताब्यातल्या जमिनी सरकारनं घेतल्या. त्यातल्या पुष्कळशा मुळात शेतकऱ्यांनी कंपन्यांना खंडानं दिलेल्या. त्या त्यांना परत न देता १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ काढलं आणि श्रीरामपूर, कोपरगाव, वालचंदनगर, माळीनगर अशा भागांत हजारो एकरांचे सरकारी मळे सुरू झाले. पगारी मजूर, व्यवस्थापक, मुंबई-पुण्याहून येणारे आदेश. मळे तोट्यात गेले, पगार थकले, रानं पडीक पडली. खंडकऱ्यांनी जमिनी परत मागण्यासाठी दशकानुदशकं लढा दिला आणि त्या लढ्याचे नेते होते कॉम्रेड माधवराव गायकवाड, भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे. सरकारी मळा मोडून जमीन खासगी मालकाला परत द्या म्हणून कम्युनिस्ट मोर्चा काढतोय, हे दृश्य फक्त आपल्याकडंच दिसू शकतं. जमिनींचं प्रत्यक्ष वाटप २०१२ नंतर होऊ लागलं.

एकत्र शेती मुळातच चालत नाही असंही म्हणता येत नाही. मिरजेजवळ म्हैसाळला मधुकरराव देवल यांनी १९६९ च्या सुमारास दलित कुटुंबांची संयुक्त सहकारी शेती सोसायटी उभी केली. जमिनीवर सावकाराचा कब्जा, तुकडे छोटे, एकेकट्याला पत नाही. एकत्र आल्यावर पाणी आलं, कर्ज मिळालं, द्राक्षं लागली. तिथं एकत्र येण्याची गरज माणसांची होती. नागपूरच्या ठरावात ती पक्षाची होती.

आमच्या तालुक्यात नियोजनानं वेगळ्या दारानं प्रवेश केला: सहकारी साखर कारखान्याच्या. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेला १९५० च्या हंगामात पहिला कारखाना चालवला. १९५४ साली गोरवाला समितीचा ग्रामीण पतपाहणी अहवाल आला. गाडगीळ त्याचे एक सभासद. सहकार फसलाय हे त्यात मान्य केलेलं, आणि औषध म्हणून सहकारच सुचवलेला, पण सरकार भागीदार घेऊन. तिथून सरकारी भागभांडवल, सरकारी थकहमी, सरकारी परवाना आणि सरकारी लेखापरीक्षक हे कारखान्याच्या अंगात कायमचे मुरले. गाडगीळ पुढं, १९६७ साली, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. सहकार आणि नियोजन एकाच माणसाच्या टेबलावर आले, यात योगायोग थोडाच होता.

त्या काळातल्या साखरेचे नियम आजच्या पोराला सांगितले तर तो चेष्टा समजेल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं भाव केंद्र ठरवणार. १९६७-६८ पासून साखरेतली साठ टक्के लेव्ही म्हणून स्वस्तात सरकारला द्यायची, उरलेली खुल्या बाजारात, तीही कुठल्या महिन्यात किती पोती हे दिल्ली सांगेल तेव्हा. कारखाना काढायला परवाना लागणार. तो १९९८ मध्ये सुटला. कुठल्या गावाचा ऊस कुठल्या कारखान्याला, हे राज्याच्या १९८४ च्या क्षेत्र आरक्षण आदेशात; तीच झोनबंदी. ज्वारी-भाताची एकाधिकार खरेदी, १९७२ पासून कापसाची, धान्य जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी, हे सोबतीला. एवढं सगळं असून त्याला आपण मिश्र अर्थव्यवस्था म्हणत होतो.

झोनबंदी नव्वदच्या दशकात उठली. रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर लेव्ही २०१३ मध्ये गेली, महिन्याचा कोटाही गेला. पाच वर्षांत साखर पडली आणि २०१८ साली कोटा परत आला, सोबत किमान विक्री दर: किलोला २९ रुपये, २०१९ पासून ३१. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अचानक लगाम घातला गेला. ज्यांनी इथेनॉलसाठी कर्ज काढून नवे प्लँट टाकले होते त्यांनी काय करायचं ते त्यांनी बघावं. नियोजन सोडलं असं म्हणणाऱ्या देशाची ही कथा आहे.

आता कारखान्याच्या दारात न थांबता फडात जाऊ. आडसाली लावण जुलै-ऑगस्टची, सोळा-अठरा महिन्यांची. नोंद दिलेली असते, तारखेप्रमाणं नंबर लागायला हवा. डिसेंबर सरतो, तुरा यायला लागतो, वजन घटायला लागतं. कारखान्याच्या चिटबॉयला फोन करायचे. तो म्हणतो तोडणीची टोळी वरच्या गल्लीत आहे, चार दिवसांत येते. चार दिवसांनी टोळी येते ती शेजारच्या फडात, कारण शेजाऱ्याचा भाचा संचालकाच्या गटातला. शेवटी टोळी येते तेव्हा मुकादम 'खुशाली' मागतो, एकरी. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर खेपेला 'एंट्री' मागतो, शिवाय जेवण. वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, मजुरांचं. नाही म्हणालात तर बुडखा वर राखून तोडतात, आणि उसाचं वजन नि साखर दोन्ही बुडख्यात. काट्यावर काय होतं त्याची चर्चा सगळ्या पाणवठ्यांवर असते. खुशालीची पावती नसते, एंट्रीचीही नाही. सोव्हिएत अर्थव्यवस्थेवर लिहिणारे ज्याला टंचाईची अर्थव्यवस्था म्हणतात, जिथं भाव ठरलेला असतो पण नंबर विकत घ्यावा लागतो, ती हीच. भाव सरकारनं बांधला की सौदा नंबराचा सुरू होतो.

ऊसतोड मजुराला यात खलनायक करणं सोपं आहे. बीड-परभणीकडून आलेला तो माणूस उचलीच्या कर्जात अडकलेला असतो, पालात राहतो, आणि त्याच्या मजुरीचा दर त्याला न विचारता ठरतो. कोलखोजच्या माणसासारखा पासपोर्टचा अडथळा त्याला नाही. उचल फिटेपर्यंत जाता येत नाही, एवढंच.

आता जमीन वाटपाकडं वळू. सोव्हिएत संघ मोडल्यावर रशियानं कोलखोजची जमीन सुमारे एक कोटी वीस लाख माणसांना 'भाग' म्हणून दिली. शेत कुठलं, शिव कुठली, ते नाही. फक्त एक दाखला, की या एवढ्या हेक्टरांत तुझा इतका हिस्सा. खरेदी-विक्रीचा कायदा २००३ पासून लागू झाला. मधल्या दहा वर्षांत खतावरचं अनुदान संपलं, डिझेल महागलं, सरकारी खरेदीदार गायब झाला, खासगी अजून उगवला नव्हता. रशियातली गाई-गुरं १९९० मध्ये साडेपाच कोटींच्या वर होती, २००० पर्यंत निम्म्यावर आली. म्हाताऱ्यांनी आपले दाखले पोत्याभर धान्याच्या नि साखरेच्या बदल्यात माजी कोलखोजच्या व्यवस्थापकालाच भाड्यानं दिले. त्यातून पुढं लाखो हेक्टरांच्या कृषी कंपन्या झाल्या. आज रशिया जगातला सर्वांत मोठा गहू निर्यातदार आहे, त्यामुळं सुधारणा यशस्वी झाली म्हणणारे बरेच भेटतात. गहू यशस्वी झालाय. मध्य रशियातल्या कित्येक गावांत मात्र शाळा बंद, बस बंद आणि राहिलेली माणसं पेन्शनवर.

हरळीच्या आप्पासाहेब नलवडे गडहिंग्लज तालुका कारखान्याचे आणि हलकर्णीच्या 'दौलत'चे सभासद हे वाचताना कुठं थांबतील ते मी सांगू शकतो: दाखल्यापाशी. शेअर्सचे पैसे बिलातून कापून घेतलेले, दाखला ट्रंकेत, नाव सभासदांच्या यादीत. चंदगडचा दौलत कारखाना कर्जात बुडाला, हंगामच्या हंगाम बंद राहिला, कामगारांची देणी थकली, जिल्हा बँकेचं कर्ज अडकलं, आणि २०१९ साली तो दीर्घ मुदतीच्या भाडेकरारानं खासगी कंपनीकडं गेला. हरळीचा कारखानाही काही वर्षं खासगी कंपनीनं चालवला. शेजारी राजगोळी खुर्दला हेमरस कारखाना होता, तो सिंगापूरच्या ओलम कंपनीनं घेतला. सभासद मालकच आहेत. फक्त मालकीतून काय करता येतं हे विचारू नये. कारखाना बंद असलेल्या वर्षी नेसरी-अडकूर पट्ट्यातल्या शेतकऱ्याचा ऊस दुसऱ्या कारखान्याच्या 'बिगर सभासद' रांगेत शेवटी उभा राहतो. गेटकेन म्हणतात त्याला.

अल्बानियानं १९९१ मध्ये सगळी जमीन माणशी सारखी वाटली. इतकी न्यायी वाटणी युरोपात दुसरीकडं झाली नाही. एका कुटुंबाला हेक्टर-सव्वा हेक्टर, तेही तीन-चार ठिकाणी. रोमानियातही तुकड्यांची हीच गत. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून असलेल्या आणि तरी गुंठ्यागुंठ्यानं भाऊहिस्से पाडलेल्या महाराष्ट्राला हसण्याचा अधिकार नाही: १९७०-७१ मध्ये आपलं सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ ला १.३४. पण तुकडा लहान असणं हा निकाल नव्हे. पोलंडमध्ये १९५६ नंतर सामूहिकीकरण सोडून द्यावं लागलं, तीन चतुर्थांश जमीन छोट्या खासगी शेतकऱ्यांकडंच राहिली. १९९१ नंतर तिथले सरकारी मळे मोडले, तिथल्या मजुरांच्या चाळींत एक अख्खी पिढी बेकार झाली. जे छोटे होते ते तगले, कारण त्यांच्या दुधाला गिऱ्हाईक होतं. म्लेकोव्हिता आणि म्लेकपोल हे तिथले दूधसंघ आजही सहकारी आहेत आणि युरोपात माल विकतात.

दुधाचा विषय निघाला की आमच्याकडं गोकुळ येतंच. जिल्हा दूध संघ १९६३ चा. संघाच्या निवडणुकीतलं राजकारण ज्यांनी पाहिलंय त्यांना मी त्याच्या पावित्र्याबद्दल काही सांगणार नाही. पण व्यवहार बघा. सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घाला, फॅट-एसएनएफ समोर मशीनवर, दर दहा दिवसांनी बिल, दिवाळीला फरक. दर पटला नाही तर वारणेला किंवा खासगी डेअरीला घाला. गाडी गावातूनच जाते. दोन म्हशींचं बिल बाईच्या खात्यावर पडतं आणि घराचा किराणा त्यावर चालतो. उसाचं बिल म्हणजे सोसायटीचं कर्ज, ते आलं आणि गेलं. दोन्ही सहकारी, दोन्ही राजकारण्यांच्या हातात, एकाच जिल्ह्यात. दूध रोज विकलं जातं आणि उद्या दुसऱ्याला घालता येतं. ऊस वर्षा-दीड वर्षातून एकदा निघतो, तोडल्यावर चोवीस तासांत सुकायला लागतो, आणि तोडणारी यंत्रणा विकत घेणाऱ्याच्याच हातात.

चीननं हे ओळखलं होतं असं म्हणता येईल, किंवा त्याचं नशीब चांगलं होतं. १९५८ चे कम्यून आणि १९५९-६१ चा भयंकर दुष्काळ यांनंतर, नोव्हेंबर १९७८ मध्ये आन्हुई प्रांतातल्या श्याओगांग गावात अठरा शेतकऱ्यांनी चोरून जमीन कुटुंबांत वाटून घेतली आणि कागदावर अंगठे उठवले. पुढं तीच पद्धत देशभर झाली, कम्यून १९८४ पर्यंत संपले. धान्य १९७८ मध्ये तीस कोटी टनांच्या आसपास होतं, १९८४ ला चाळीस कोटींवर गेलं. या कहाणीत नेहमी एक गोष्ट राहते: १९७९ मध्ये सरकारनं धान्याचा खरेदी भावही वाढवला, आणि उद्दिष्टापलीकडचं धान्य त्याहून चढ्या भावानं किंवा बाजारात विकायची मोकळीक दिली. जुना गिऱ्हाईक मोडला नाही, त्याच्याशेजारी नवा उभा राहू दिला. व्हिएतनामनं १९८८ च्या दहाव्या ठरावानं कुटुंबाला जमीन वापराचा हक्क दिला आणि पुढच्याच वर्षी तांदळाची आयात करणारा तो देश निर्यात करू लागला. जमिनीची मालकी दोन्ही देशांत आजही खासगी नाही.

मोकळीक दिली की सगळं होतं, असंही नाही. गडहिंग्लजची संकेश्वरी मिरची घ्या. लांब, बारीक, लालभडक, झणका बेताचा. मार्केट यार्डात तिचा सौदा बघायला लांबून व्यापारी यायचे. तिला लेव्ही नव्हती, झोनबंदी नव्हती, हमीभावही नव्हता. आज तिचं क्षेत्र आटलंय. रोग पडला, तोडायला माणूस मिळेना, ब्याडगी आणि गुंटूरचा माल आला, बियाणं शुद्ध राखण्याचं काम कुणाचंच नव्हतं. मोकळ्या बाजारातलं पीक हरलं आणि बांधलेल्या बाजारातला ऊस तिच्या रानात आला, कारण उसामागं कर्ज देणारी सोसायटी होती, तारेवाडीसारख्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचं पाणी होतं आणि, शेतकरी कितीही रडला तरी, घेणारा एक जण ठरलेला होता. संस्थेवाचून मोकळीक म्हणजे नव्वदच्या दशकातला रशिया.

या भागाचा आणखी एक धागा विसरता कामा नये. गडहिंग्लज, आजरा, चंदगड हे मुंबईच्या गिरणगावात माणसं पाठवणारे तालुके. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मिटल्या, माणसं परत आली, आणि ज्या रानावर घरच्या म्हाताऱ्यांनी नाचणी-भुईमूग करून पोट भरलं होतं त्यावर आता अख्खं कुटुंब चालवायचं आलं. उसाकडं जो लोंढा वळला त्यात हे एक कारण आहे, आणि ते शेतीच्या धोरणात कुठं लिहिलेलं सापडत नाही.

शेतकरी चळवळीचंही बोलायला हवं. शरद जोशी बाजार खुला करा म्हणत होते. त्यांच्यापासून निघालेली राजू शेट्टींची स्वाभिमानी शेतकरी संघटना एफआरपी मागते, म्हणजे सरकारनं बांधलेला भाव. यात विसंगती आहे, आणि ती रास्त आहे. जिथं घेणारा एकच, तिथं खुला भाव म्हणजे घेणाऱ्याचा भाव. २०२२ मध्ये राज्यानं एफआरपी तुकड्यांत द्यायची मुभा कारखान्यांना दिली; शेट्टींनी उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं तो शासन निर्णय रद्द केला. चौदा दिवसांत एकरकमी, नाहीतर पंधरा टक्के व्याज, हा १९६६ चाच नियम शेवटी कामी आला. जुन्या नियोजनातली एखादी तरतूद शेतकऱ्याच्या बाजूची असते ती अशी.

पण त्या चौदा दिवसांचं घड्याळ सुरू होतं ऊस काट्यावर गेल्यापासून. त्याआधी फडात उभ्या उसाचं काय, यावर ऊस नियंत्रण आदेश काही म्हणत नाही. नोंद तारखेची, तोड दीड महिना उशिरा, मध्ये तुरा, वजनात घट; ती घट शेतकऱ्याची. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये एफआरपी जाहीर झाली, आणि त्या आकड्यावर राज्यभर चर्चा झडली. एकरी चार-पाच टन तुऱ्यात गेले तर तो आकडा शेतकऱ्यापुरता आपोआप खाली येतो, कुठलीही अधिसूचना न काढता. स्वाभिमानीच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिल्या उचलीची मागणी दरवर्षी ठरते. तोडीची यादी हंगामाआधी गाववार जाहीर करा, नंबर चुकला तर घटलेल्या वजनाची भरपाई कारखान्याकडून घ्या, आणि तोडीला दुसऱ्या कारखान्याची टोळी आणायची मुभा सभासदालाही द्या, या तीन गोष्टी तिथल्या ठरावात त्याच जोरानं आल्या तर भांडण निदान खऱ्या जागी सुरू होईल.